चौथं रीळ

डोळे मिटा पाहू जरा. मिटलेत? आता समोर एक पांढरा पडदा आणा, पाच-सहा धोतरं एकाला एक शिवली तर होईल एवढा. दोन उंच बांबूंना तो ताणून बांधलाय. जागा आहे बदलापूर गावाबाहेरचं शेत. भात कापून झालंय, उरलेले खुंट पायाला टोचू नयेत म्हणून पेंढा पसरलाय. थंडीचे दिवस आहेत. बाजूला कुठेतरी इंजिन धडधडतंय आणि त्याच्या धुराचा वास येतोय. सगळा गाव पडद्याच्या पुढे बसलाय. तुम्ही मात्र मागे बसला आहात.

पुढच्या यंत्रातला उजेड कापडावर पडतो आणि त्यातून पाझरून तुमच्यापर्यंत येतो. चित्र तेच, पण फिरलेलं. पुढच्या लोकांना जो घोडा उजवीकडे दौडत जाताना दिसतो, तो तुमच्याकडे डावीकडे जातो. पुढच्यांचा राजा उजव्या हाताने जेवतो, तुमचा डाव्या हाताने.

दिसलं? मग बसा तिथेच. तुमच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन, तोंडाचा चंबू करून जी पोर बसली आहे तिचं नाव विठा. ही गोष्ट तिची.

आपला देश नुकता कुठे स्वतंत्र झाला होता आणि मोठी लढाई संपूनही फार वर्षं झाली नव्हती. लढाईच्या काळात सरकारने कल्याणच्या पुढे माळावर सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. लोक त्या जागेला क्यांप म्हणत. लढाई संपली, सैनिक गेले, आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बराकींत राहायला आली. क्यांपाला उल्हासनगर असं नवं नाव मिळालं. बदलापुरातली माणसं मात्र क्यांपच म्हणत राहिली. त्या क्यांपातल्या एका शेठचा फिरता सिनेमा होता. सुगी झाली की बैलगाडीतून तंबू, यंत्र, इंजिन आणि रिळांचे पत्र्याचे डबे घेऊन त्याची माणसं खरवईवरून बदलापूर गावात यायची आणि विठाच्या बापाच्या, रघुच्या, शेतात तंबू ठोकायची. शेत दिलं म्हणून रघुच्या घरच्यांना पडद्यामागे फुकट जागा.

गावातल्या सुना-लेकी तंबूत जात नसत. पुरुष जायचे, पोरं जायची. बायका घरी थांबायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राजाबाईच्या अंगणात जमायच्या. कुणाकडे बारसं असो, लग्न असो, वालाचं बिरडं लागणारच, आणि भिजवलेले वाल सोलायला दहा हात हवेतच. बायका परातीभोवती बसायच्या, बोटांच्या चिमटीत एकेक वाल धरून साल काढायच्या आणि विठाला म्हणायच्या, "हां, सांग गो, काल काय दाखवलान?"

अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं दगडी उखळ पालथं पडलेलं होतं. त्यावर विठा बसायची आणि काल पाहिलेला सिनेमा सांगायची. पहिल्या पाटीपासून शेवटच्या लग्नापर्यंत. सिनेमा हिंदीत असायचा, विठा आपल्या बोलीत सांगायची. राक्षस आला की गाल फुगवायची, नायिका रडली की पदर नसतानाही पदर डोळ्यांना लावायची. बायका हसायच्या, हळहळायच्या, वाल सोलायचं विसरायच्या. मग राजाबाई ओरडायची, "हात चालवा गो, ती काय पळून जातेय?"

विठा शाळेत हुशार नव्हती. दिसायलाही चारचौघींसारखीच. पण त्या उखळावर बसलं की ती राणी असायची.

आणि मग वृंदा आली.

अंबरनाथच्या कारखान्यात कारकून असलेल्या शशिकांत नावाच्या गृहस्थांनी राजाबाईच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बरोबर त्यांची बहीण मालिनीबाई आणि तिची मुलगी वृंदा. मालिनीबाईंचा नवरा लष्करात आहे, लांब उत्तरेकडे असतो, असं शशिकांतमामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

वृंदा विठाच्याच वयाची. तिच्या दोन वेण्या एकसारख्या असायच्या, विठाची एक नेहमी जाड आणि एक बारीक. वृंदाच्या फ्रॉकला कॉलर होती. तिला मोठ्याने वाचता यायचं, तेही न अडखळता. एवढं विठाने सोसलं. पण त्या वर्षी तंबू आला, पहिल्याच खेळाला शशिकांतमामा भाचीला घेऊन गेले, आणि वृंदा चक्क पुढे, खुर्चीवर बसली.

त्या खेळाचा सिनेमा लढाईनंतरचा होता. एक शिपाई लढाईहून गावी परत येतो. त्याचा जिवाभावाचा मित्र परत आलेला नसतो. तो मित्र भित्रा होता, रणातून पळून गेला, असं त्यांच्या सुभेदाराने सगळीकडे सांगितलेलं असतं. शिपायाला ते पटत नाही. तो एकेकाला गाठून विचारत जातो, पार ब्रह्मदेशाच्या रानापर्यंत पोचतो, आणि बुजलेला खंदक उकरून खरं काय ते बाहेर काढतो. पळाला होता तो सुभेदार. मित्र शेवटपर्यंत जागेवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी विठाने हे सगळं उखळावर बसून रंगवून सांगितलं. सुभेदाराच्या गालावर लांब व्रण होता. विठाने आपल्या उजव्या गालावरून बोट फिरवून तो दाखवला.

"डाव्या," मागून कोणीतरी म्हणालं.

वृंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "व्रण डाव्या गालावर होता. आणि बंदूक तो उजव्या हाताने धरतो, डाव्या नाही."

बायका वाल सोलायच्या थांबल्या. मग राजाबाईला हसू फुटलं. "अगो, ही बसते पडद्यामागे. हिला सगळंच उफराटं दिसतंय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही उफराटे सिनेमे ऐकले की काय?"

सगळ्या हसल्या. विठाची आयसुद्धा हसली, आणि तेच विठाला जास्त लागलं.

"तू सांग बरं मग," राजाबाई वृंदाला म्हणाली. "सरळ सांग. मी तर पहिल्यांदाच सरळ सिनेमा ऐकणार."

"मी पण पहिल्यांदाच पाहिला," वृंदा म्हणाली. "जन्मात पहिला."

विठाला उखळावरून उठावं लागलं. कोणी 'ऊठ' म्हणालं नाही, पण वृंदा उभीच राहिली आणि सगळ्या वाट पाहू लागल्या, तेव्हा तिला उठावंच लागलं.

वृंदाने गाल फुगवले नाहीत, पदर डोळ्यांना लावला नाही. ती हळू आवाजात, पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगत गेली. अर्ध्यावर आल्यावर तिने एक भाग सांगितला, तो विठाने सांगितलाच नव्हता. बेपत्ता मित्राच्या बायकोचा. ती बाई रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि कुंकू लावावं की नाही याचा विचार करते. मग लावते. रस्त्याने जाताना बायका आधी तिच्या कपाळाकडे बघतात आणि मग तिच्याकडे. रोज दिवेलागणीला ती दाराच्या उजव्या बाजूला, उंबऱ्याला लागून, पाण्याचा तांब्या भरून ठेवते. तो आला तर पाय धुवायला. सकाळी ते पाणी तुळशीला घालते आणि संध्याकाळी पुन्हा भरते. नवऱ्याच्या बुटांना ती खोबरेल तेल लावते, कातडं तडकू नये म्हणून. त्या बाईला कोणी काही विचारत नाही आणि ती कोणाला काही सांगत नाही.

राजाबाईने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "बिचारी गो," ती म्हणाली. "बायकांनी तरी असं वागू नये."

त्या दिवसापासून उखळ वृंदाचं झालं आणि विठाला नाव पडलं, उफराटी. पाणवठ्यावर, शाळेच्या वाटेवर, घरातसुद्धा. राजाबाईचा मोठा मुलगा सदू तर तिला पाहिलं की डाव्या हाताने नमस्कार करायचा.

हेवा म्हणजे काय असतं ते विठाला तोवर माहीत नव्हतं. गोड खाल्ल्यावर दातात कळ यावी तसा तो यायचा, नको त्या वेळी. वृंदा हसली की यायचा. वृंदा पाण्याची कळशी घेऊन चालली की यायचा, कारण तिच्या कळशीतलं पाणी सांडायचं नाही. रात्री पडल्या पडल्या विठा मनातल्या मनात वृंदाच्या वेण्या कापायची.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. बायकोचा तो भाग. विठाने सिनेमा पापणी न लववता पाहिला होता. मित्राची बायको होती, पण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मधे कुठे नव्हती. उलटा दिसला म्हणून काय झालं, दिसलाच नाही असं कसं होईल?

तंबू अजून शेतातच होता. विठा चंदूकडे गेली. चंदू विठ्ठलवाडीचा पोरगेला माणूस, शेठचं यंत्र चालवायचा. तो पेंढ्यावर बसून तुटलेली फिल्म ब्लेडने खरवडून चिकटवत होता. बाजूला पत्र्याच्या डब्यांची चळत होती.

"चंदूदादा, त्या लढाईच्या सिनेमात मित्राची बायको दाराशी तांब्या ठेवते, ते कुठे आलं?"

"कसला तांब्या?"

"बुटांना तेल लावते. कुंकू लावते."

चंदूने मान वर केली. "डोकं फिरलं काय तुझं? असलं कायच नाय त्याच्यात."

"वृंदाने सांगितलं. मध्यात आहे म्हणे."

"मध्यात चौथं रीळ." चंदूने ब्लेड खाली ठेवलं. "आणि चौथं रीळ खलास. मागच्या गावाला यंत्रात अडकून जळालं. इथे दाखवलंच नाय. तिसऱ्यावरून डायरेक्ट पाचवं लावलं. लोक थोडे बोंबलले, मग पडद्यावर मारामारी सुरू झाली, गप बसले."

"मग जळलेल्यात असेल ते."

"नाय ग बाय. मी चाळीस वेळा बघितलंय. चौथ्यात हिरो चहाच्या मळ्यात जातो, तिथे एक नाच, आणि तो जाड्या शिपाई घसरून पडतो. बस." तो पुन्हा फिल्म खरवडू लागला. "लढाई संपल्यापासून असलेच सिनेमे येतात बघ. एक जण परत येतो, इकडे विचार, तिकडे विचार, आणि कायतरी उकरून काढतो. शेठकडे असले तीन पडलेत. लोकांना आवडतं. ज्याचा त्याचा कोणीतरी हरवलेला असतो ना."

शेवटचं वाक्य विठाने ऐकलं नाही. तिच्या कानात एकच घुमत होतं. दाखवलंच नाही. जन्मात पहिला सिनेमा, असं वृंदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, म्हणजे दुसरीकडे पाहिलेला असणं शक्यच नाही. वृंदाने थापा मारल्या होत्या. विठा उलटं सांगत होती, पण खरं सांगत होती. वृंदा सरळ सांगत होती, पण खोटं.

शेतातून घरी येताना ती उड्या मारत आली.

संक्रांत जवळ आली होती. राजाबाई दर वर्षी आळीतल्या सगळ्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलवायची, आणि या वर्षी तिने आधीच जाहीर केलं होतं, "तिळगूळ झाल्यावर वृंदा तो लढाईचा सिनेमा पुन्हा सांगेल. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी ऐका." विठाने मनात ठरवलं. सगळ्या जमतील तेव्हाच. वृंदा चौथ्या रिळापर्यंत आली की उठायचं आणि म्हणायचं, हे कुठे पाहिलंस? चंदूदादाचं नाव सांगायचं. मग सिनेमातल्या सुभेदाराच्या तोंडावरचा रंग जसा उडाला होता तसा वृंदाचा उडेल.

बोलावणी करायचं काम राजाबाईने विठालाच दिलं. घराघरांत "उद्या दुपारी या हं" सांगत ती शेवटी मागच्या खोल्यांशी आली, तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती.

दार उघडंच होतं. विठा हाक मारणार, तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं.

दाराच्या उजव्या बाजूला, उंबऱ्याला लागून, पितळेचा तांब्या होता. घासून लखलखीत केलेला, काठोकाठ भरलेला. त्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला, भिंतीशी एक बुटांचा जोड. मोठे, पुरुषी, लष्करी. कातडं खोबरेलाने चकचकत होतं. शशिकांतमामा ठेंगणे, चपला घालणारे. हे बूट त्यांच्या पायात होड्यांसारखे हलले असते.

आत मालिनीबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. वृंदा भिंतीला टेकून वाचत होती. तिने मान वर केली, विठाला पाहिलं, मग विठा कुठे बघतेय ते पाहिलं, आणि पुस्तक मिटून पटकन बाहेर आली. तिने दार मागे ओढून घेतलं. पण तांब्या बाहेरच राहिला, दोघींच्या मधे.

"काय आहे?" वृंदाने विचारलं.

"उद्या हळदीकुंकू. तुझ्या आईला बोलवलंय."

"सांगते."

विठा हलली नाही. "चौथं रीळ जळालंय," ती म्हणाली. "इथे दाखवलंच नव्हतं."

वृंदा तांब्याकडे बघत राहिली. मग अगदी शाळेत धडा म्हणावा तशी म्हणाली, "बाबा ब्रह्मदेशात होते. सरकारने सांगितलं, बेपत्ता. कोणी म्हणतं गेले. कोणी म्हणतं पळून गेले."

"पण तुझे मामा तर म्हणाले, उत्तरेकडे असतात."

"मामा सगळ्यांना तसं सांगतात. पेणला होतो तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आईला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे बायका आमच्याच ओट्यावर बसून ठरवायच्या. तिला कुंकू लावायचं की नुसता तिळगूळ द्यायचा. आई आतून ऐकायची."

"मग सिनेमात कशाला घातलंस?"

"मला काय माहीत." वृंदाचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "सांगता सांगता आलं. आणि सगळ्या रडल्या. राजाबाई म्हणाल्या, बायकांनी तरी असं वागू नये. माझ्या आईबद्दल असं कोणी कधीच म्हणालं नव्हतं."

आतून मालिनीबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?"

"विठा आहे, आई. बोलावणं घेऊन आलीये." आणि मग हळू आवाजात, "सांग जा सगळ्यांना. तुला सांगायचंच आहे. मला दिसतं तुझ्या तोंडावर."

विठा घरी आली. भात जेवली नाही. आयने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, विठाला वृंदाची दया आली आणि हेवा पळून गेला. तसं झालं नाही. तिला दया आली हे खरं. पण पांघरुणात पडल्यावर हेवा पुन्हा आलाच, आणि या वेळी वेगळाच आला. वृंदाने सिनेमा पाहून सांगितला नव्हता, घरातलं उचलून सिनेमात ठेवलं होतं, आणि ते सिनेमापेक्षा चांगलं होतं. विठाच्या घरात काय होतं? बैल, भात आणि आयचा खोकला. इतकं वाईट वाटण्यासारखं वृंदाकडे आहे आणि आपल्याकडे नाही, याचासुद्धा तिला हेवा वाटला, आणि मग त्याची लाज वाटली. ती कुशीवर वळली. तो शिपाई खंदक उकरत होता तेव्हा घामाघूम झाला होता, हात रक्ताळले होते. तो मित्रासाठी उकरत होता. आपण कशासाठी उकरलं? त्या दगडी उखळासाठी.

पण उखळ तिचं होतं. हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी अंगण शेणाने सारवलेलं होतं. बायका काठाकाठाने बसल्या होत्या, कोणी हिरव्या लुगड्यात, कोणी जांभळ्या. मालिनीबाई शेवटी, जिन्याच्या पायरीपाशी बसल्या होत्या, खाली मान घालून. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, नीट गोल. वृंदा उखळावर बसली होती.

राजाबाई करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत फिरू लागली आणि फिरता फिरताच म्हणाली, "चल, सुरू कर गो पोरी."

वृंदाने सुरू केलं. शिपाई परत आला. सुभेदाराने थापा मारल्या. शिपाई विचारत निघाला. आणि तिथे तिने एकदम उडी मारली आणि ब्रह्मदेशाच्या रानात पोचली.

"अगो, मधलं गाळलंस की," एक जण म्हणाली. "त्या बायकोचं. तांब्याचं. ते सांग, आमच्या जाऊबाईंनी ऐकलं नाही ते."

वृंदा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

राजाबाई एव्हाना मालिनीबाईंपाशी पोचली होती. तिने बोट कुंकवात बुडवलं होतं. ते तसंच धरून ती वळली. "मी म्हणणारच होते," ती म्हणाली. "आमच्या सदूला विचारलं मी. तो म्हणतो, तांब्या-बिंब्या काही नव्हता सिनेमात. बायको मुळी दोनदाच दिसते. मग ही बाई आणलीस कुठून गो तू?"

हे राजाबाई सहज बोलली होती. पण बोलल्यावर तिची नजर वृंदावरून मालिनीबाईंवर आली. तिच्याच घराच्या मागच्या खोल्या. येता-जाता दिसणारा तांब्या. तिच्या कपाळावर आठी चढत गेली, आणि कुंकवाचं बोट हवेत तसंच थांबलं. मालिनीबाईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या हातांची बोटं मात्र एकमेकांत घट्ट गुंतली.

"विठा," राजाबाई हळूच म्हणाली, "तू तर रोज तंबूत पडलेली असतेस. होतं का गो तसं काही?"

सगळ्या विठाकडे वळल्या. कितीतरी दिवसांनी सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. वृंदाही बघत होती. ती विनवत नव्हती, नुसती बघत होती.

विठा उठली. बायकांच्या पायांमधून वाट काढत ती उखळापाशी गेली.

"सर," ती वृंदाला म्हणाली.

वृंदा उठायला लागली. विठाने तिला दंडाला धरून खाली बसवलं. "सर म्हटलं, ऊठ नाही म्हटलं." आणि उरलेल्या अर्ध्या उखळावर ती टेकली.

"होतं," ती म्हणाली. "चौथ्या रिळात. सदूदादाला कसं दिसेल? तो तेव्हा भजीच्या गाडीशी उभा होता. प्रत्येक रीळ बदललं की हा भजीला, आणि नवं रीळ अर्धं झाल्यावर परत. गाडी पडद्यामागेच असते, मी बघते ना."

दोन-चार जणी फिसकन हसल्या. सदूचं भजीचं वेड गावाला माहीत होतं.

"ती बाई रोज तांब्या भरून ठेवते," विठा सांगू लागली. "दाराच्या डाव्या बाजूला, उंबऱ्याला लागून."

"उजव्या," कोणीतरी म्हणालं. "वृंदा उजव्या म्हणाली होती."

"डाव्या," विठा ठासून म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं. आणि कुंकू लावते ती डाव्या हाताने."

"अगो बाय, उफराटीच ही!" अंगणभर हशा पिकला. राजाबाईच्या कपाळावरची आठी मोडली. "पडद्यामागून बघितलंन म्हणजे बघितलंनच म्हणायचं," ती हसत म्हणाली, वळली, आणि हवेतलं बोट तिने मालिनीबाईंच्या कपाळाला टेकवलं.

विठाने हसू ओसरू दिलं. मग ती पुढे सांगायला लागली. बुटांचं, तेलाचं, रस्त्यावरच्या बायकांचं. गाल फुगवले नाहीत, पदर डोळ्यांना लावला नाही.

"आणि त्या बाईला एक पोर होती," ती म्हणाली.

"ही पोर आधी नव्हती," एक जण म्हणाली.

"होती. पुढून दिसत नव्हती." विठा उखळावर आणखी थोडी सरकली, वृंदाला नीट बसता यावं म्हणून. "दाराआड बसून वाचायची. दोन वेण्या होत्या तिला, दोन्ही एकसारख्या." ती थांबली आणि वृंदाला कोपराने ढोसत म्हणाली, "पुढचं तू सांग."